डफडे, तबला आणि नकार

विशारदच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी मला विचारले, "घरी संगीताची काही परंपरा?" मी "नाही" म्हणालो. प्रश्नामागे दुष्टावा नव्हता. हात थरथरत होते म्हणून मला धीर यावा एवढ्याचसाठी तो विचारला असावा. उत्तर मात्र खोटे होते. वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात माझा पणजा डफडे वाजवीत असे, आजा वाजवीत असे आणि तरुणपणी काही वर्षे माझा बापही वाजवीत असे. घराणे मानायला तीन पिढ्या लागतात असे संगीताच्या क्षेत्रात म्हणतात. तीन पिढ्या आमच्याकडे भरत होत्या. तरी मी "नाही" म्हणालो, आणि परीक्षकांना त्यात काहीच वावगे वाटले नाही.

त्या "नाही"चा विचार मी गेली काही वर्षे करतो आहे. ते निव्वळ लाजेतून आले असते तर प्रश्न सोपा होता. लाज टाकून द्यायची आणि अभिमान धरायचा, एवढेच करावे लागले असते. परंतु माझ्या बापानेही एकदा "नाही" म्हटले होते, आणि त्याचे "नाही" माझ्या "नाही"च्या नेमके उलट होते. या दोन नकारांतला फरक नीट समजल्याखेरीज आपल्याला संगीताविषयी काही बोलता येणार नाही, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. तो निष्कर्ष वाचकांपुढे ठेवतो.

एक

गावगाड्यात मांगाच्या वाट्याला जी कामे होती त्यांत दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि वाजवणे ही प्रमुख. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचा जो तपशील आहे तो वाचताना विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या व्यवस्थेत वाजवणे ही कला नाही, ते काम आहे. दोर वळावा तसे वाजवावे. लग्नात वाजवावे, पोळ्याला बैलांपुढे वाजवावे, मयताला वाजवावे. सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी मागावी, आणि देणाऱ्याने दिली ती घ्यावी.

आमच्या भागातला पोळा मी लहानपणी पाहिलेला आहे. तोरणाखाली बैल उभे असतात, झडत्या म्हटल्या जातात, आणि डफड्याचा ठोका पडल्याखेरीज बैल हलत नाहीत. त्या क्षणी सगळा गाव आजाच्या हाताकडे पाहत असे. ठोका पडला, तोरण तुटले, बैल मारुतीकडे निघाले, की त्या हाताकडे कोणी पाहत नसे. लग्नातही हेच. मांडव दारात, वाजवणारा मांडवाबाहेर, आणि जेवणाची पंगत उठल्यावर त्याचे पान. ज्याच्या वाजवण्याने कार्य शुभ होते त्याच्या स्पर्शाने ते अशुभ होते, हा विरोधाभास माझ्या आजाने जन्मभर गळ्यात अडकवून वागवला.

पण आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. आजा चांगला वाजवीत असे. पावसाळी हवेत कातडे सैल पडले की काडीकचरा पेटवून तो डफडे शेकून घेई, कान लावून ऐके, पुन्हा शेके. त्याला हवा तो नाद येईपर्यंत लग्नाचा मालक ओरडत असला तरी तो काडी उचलीत नसे. आज मी तबला लावताना हातोडीने गट्टे ठोकतो तेव्हा माझ्या लक्षात येते की स्वर मिळवण्याची ही असोशी मला कोणत्याही वर्गात मिळालेली नाही. त्याच्या ठोक्यांची चाल सहा मात्रांची, खेमट्याच्या जवळची होती. त्याचे बोल होते, ते तो तोंडाने म्हणून दाखवी. ते बोल कोणी लिहून घेतले नाहीत. मीही नाही.

बापाने डफडे खाली ठेवले ते एका लग्नसराईत. बोलावणे आले आणि तो म्हणाला, येत नाही. खळ्यावरची ज्वारी बंद झाली. तो रुळांवर खडी टाकण्याच्या मजुरीला गेला. पुढे मी तबला शिकायला लागलो तेव्हा तो एवढेच बोलला, "तुले वाजवाचं असन तं वाजव. पण ते डफडं घरात आणू नको. माह्या बापानं ते गयात घातलं, अन् गावानं त्याले ते काढू देल्लं नाही."

दोन

मी ज्या परीक्षेला बसलो होतो ती परीक्षापद्धती कशी आली हे पाहणे उद्बोधक आहे. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. या दोघांनी संगीत दरबारातून आणि कोठीवरून बाहेर काढून मध्यमवर्गाच्या घरात आणले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी शिडी उभी राहिली. जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथात या दोघांच्या कार्याची परखड तपासणी केली आहे. संगीताला राष्ट्रीय आणि शिस्तबद्ध रूप देताना मुसलमान उस्तादांचे स्थान कसे आक्रसत गेले, हा त्या तपासणीचा एक भाग आहे.

मी या शिडीचा ऋणी आहे, हे येथेच सांगून टाकतो. फी भरली, फॉर्म भरला, परीक्षेला बसलो; माझी जात कोणी विचारली नाही. ती शिडी नसती तर कोणत्या गुरूने मला गंडा बांधला असता हे सांगवत नाही. परंतु शिडी जेथे टेकलेली आहे ती भिंत कोणाची, हा प्रश्न ऋण मान्य करूनही उरतो. अभ्यासक्रमात दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब अशी तबल्याची सहा घराणी शिकवतात. तालवाद्यांच्या वर्गीकरणात डफडे आले तर ते 'लोकवाद्य' या एका शब्दात येते. घराण्याला पुरुषांची नावे असतात, वंशावळ असते, कोणी कोणाला काय दिले याच्या आख्यायिका असतात. लोकसंगीताला नाव नसते. फार तर जात असते. ज्यांची नावे लिहून ठेवावी असे कोणाला वाटले नाही त्यांच्या कलेला 'लोक' म्हणायचे, आणि ज्यांची नावे लिहिली त्यांच्या कलेला 'शास्त्र', असा हा व्यवहार आहे. हा भेद स्वरांतून निघालेला नाही.

तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. शाई, मैदान, चाट, गजरा, वादी हे सारे शब्द मी परीक्षेत पाठ म्हणून दाखवले. कातडे सोलणे, कमावणे, मढवणे ही कामे कोण करतो, असा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही. दक्षिणेत मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. मृदंग करणाऱ्यांत दलित ख्रिस्ती कुटुंबे आहेत, आणि मृदंगाला गाईचे कातडे लागते, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. २०२० च्या प्रारंभी चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेने त्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी दिलेली सभागृहाची परवानगी मागे घेतली. मृदंग सभागृहात चालतो. तो कशाचा आणि कोणाच्या हातचा, हे बोललेले चालत नाही.

शब्दांचेही असेच झाले आहे. चोखोबांचे अभंग मोठमोठ्या मैफलींत गाइले जातात. सोयराबाईंचा अभंग किशोरी आमोणकरांनी (१९३१–२०१७) अमर केला. ऐकणारा डोळे मिटून ऐकतो, आणि ज्या बाईने हे रचले तिला देवळाच्या दारात उभे राहू देत नव्हते, हे त्याच्या रसास्वादात कोठेही येत नाही. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांनी १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात लहान वयात गांधीजींसमोर स्वागतगीत गायले. आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी ताटे उचलायला लावतील की काय, अशी धास्ती त्या वेळी मनात होती, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे आवाजाला प्रवेश आहे, कातड्याला प्रवेश आहे, अभंगाला प्रवेश आहे. माणूस आत आला की प्रश्न सुरू होतो.

तीन

दलित पँथरची स्थापना १९७२ साली झाली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपले नाते आपल्या नियतकालिकांतून आवर्जून मांडले जाऊ लागले. लेरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) यांनी 'ब्लूज पीपल' (१९६३) या ग्रंथात कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास हाच त्यांचा सामाजिक इतिहास असल्याचे दाखवले. हे पुस्तक वाचताना आपल्याकडेही असेच लिहिता येईल असे मला प्रथम वाटले. नंतर एक फरक जाणवला, आणि तो फार मोठा आहे.

१७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. बंडवाले ढोल वाजवीत चालले होते. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तेथील कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास व वाजवण्यास बंदी घातली. मालकाला ढोलाची भीती वाटली, कारण ढोलाने माणसे एकत्र येत होती. तेथे ढोल हिरावून घेतला गेला. आपल्याकडे तो गळ्यात बांधला गेला. तेथे वाजवणे हे बंड होते. येथे न वाजवणे हे बंड ठरले. म्हणून कृष्णवर्णीय कलावंत ज्या सहजपणे आपल्या वाद्याला स्वातंत्र्याचे प्रतीक मानू शकतो, त्या सहजपणे आपल्याला डफडे उचलता येत नाही. जे उत्साही मित्र 'आपली लोककला, आपला वारसा' असे म्हणून एकदम हलगी हातात घेतात, त्यांनी हा फरक विसरू नये.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ साली कलम ७अ घालण्यात आले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मैला काढायला, मेलेले जनावर ओढायला, सोलायला, नाळ कापायला किंवा अशाच प्रकारचे दुसरे काम करायला भाग पाडणे हा त्यान्वये गुन्हा आहे. या यादीत वाजवण्याचा उल्लेख नाही. 'अशाच प्रकारचे दुसरे काम' यात ते बसवता येईल. पण यादी करणाऱ्यांना ते सुचले नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. मेलेले ढोर ओढणे ही सक्ती असू शकते हे सर्वांना कळते. संगीत ही सक्ती असू शकते, हे संगीतावर प्रेम करणाऱ्यांना कळत नाही. त्यांच्या दृष्टीने संगीत म्हणजे आनंद. वाजवणाऱ्याला आनंद होत होता की नाही, हे त्यांनी विचारलेले नसते.

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आपण पुष्कळदा वापरला. कवितेतला नकार आपण शब्दांतून ओळखतो. संगीतातला नकार मात्र शब्दांच्या आधी घडला आणि तो ऐकू आला नाही, कारण तो शांततेच्या रूपाने घडला. ज्या लग्नात डफडे वाजले नाही, ज्या पोळ्याला ठोका पडला नाही, तेथे आमच्या बापांनी आपली पहिली रचना केली, असे मी मानतो. संगीताच्या इतिहासात या शांततेला जागा दिली पाहिजे.

चार

मग त्यानंतर पुन्हा वाजवायचेच नाही काय? याचे उत्तर चळवळीच्या इतिहासातच आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिकत चळवळीत सांगितली जाते. आपल्या बायका फडावर नाचवून आलेला पैसा नको, असा त्यामागचा भाव. याच बाबासाहेबांच्या प्रेरणेने पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव गेले, आणि त्या जलशांची त्यांनी मनापासून कदर केली. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' (१९७८) या पुस्तकात त्यांची माहिती दिली आहे. वरवर पाहता या दोन गोष्टी विसंगत दिसतात: तमाशा नाकारायचा आणि तमाशाच्याच अंगाने उभा राहिलेला जलसा जवळ करायचा. पण विसंगती नाही. ढोलकी तीच होती, तुणतुणे तेच होते, चालीही पुष्कळशा त्याच. बदलले ते एवढेच की आता वाजवणाऱ्याला कोणी बोलावून आणलेले नव्हते. तो आपल्या लोकांसाठी, आपण ठरवलेले गात होता, आणि नको असेल तर उठून जाण्यास मोकळा होता.

माझ्या मते कसोटी हीच आहे. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याचेच वाजवणे कला होते. वाद्य कोणते, ताल कोणता, शास्त्रीय की लोक, हे सगळे नंतरचे. या कसोटीवर माझ्या आजाचे शेकलेले डफडे कितीही सुरात असो, ते गुलामीतले होते. आणि बापाचे न वाजवणे हे संगीताच्या बाजूचे होते. तमिळनाडूत पराई या वाद्याचे असेच झाले. ज्या जातीला त्या वाद्यावरून नाव पडले आणि जिच्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला शब्द मिळाला, तिच्यातल्या अनेकांनी आधी मयताला पराई वाजवणे सोडले. आणि मग तेथल्या दलित चळवळीने तीच पराई मोर्चात आणली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे उदाहरण माझ्या मनात सतत असते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि आयुष्यभर गावोगाव हिंडत गाणी लिहीत व गात राहिला. आमच्या वऱ्हाडातल्या कितीतरी बायांना वाचता येत नाही, पण त्यांची गाणी पाठ आहेत. बाबासाहेबांचा विचार त्यांच्यापर्यंत ग्रंथांनी आला नाही, चालीने आला. आणि या गाण्याची किंमत काय असते, हेही सांगितले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा अनुबोधपट तेथून सुरू होतो. ज्याला संगीत म्हणजे करमणूक वाटते त्याने तो पाहावा.

पाच

आता आपल्याविषयीही थोडे. डफडे सोडण्याचा प्रश्न आपल्यात सर्वांना एकाच वेळी सुटला नाही. बौद्ध वस्तीने गावकीची कामे सोडली, तेव्हा मांगवाड्यातल्या पुष्कळांना ते जमले नाही. जमीन नव्हती, नोकरी नव्हती, हातात होते ते डफडेच. त्या वेळी शिकलेल्या भावंडांनी त्यांना हात देण्याऐवजी "अजून वाजवता का?" असे हिणवले, असेही घडले आहे. मी ते ऐकलेले आहे. नकाराला पोट लागते; उपाशी माणसाकडून नकाराची अपेक्षा करणारा माणूस दुसऱ्या प्रकारचा पाटील होतो. पुष्कळांनी मधला मार्ग काढला: बँड पार्टी. गणवेश घातला, पैसे आधी ठरवले, सुपारी घेतली. लग्ने तीच, मांडवही तेच. पण सुपारी नाकारता येते, बलुते नाकारता येत नव्हते. या बँडवाल्यांकडे आपल्या समीक्षेने कधी पाहिले नाही, ही आपली चूक आहे.

दुसरी गोष्ट चौदा एप्रिलची. ज्या गाण्यांनी निरक्षरांना विचार दिला, ती गाणी आता डीजेच्या भिंतीतून येतात तेव्हा शब्द ऐकू येत नाही, नुसता धक्का छातीवर बसतो. तरुणांच्या आनंदाला माझा विरोध नाही. परंतु जलशात गाणे थांबवून बोलता येत असे, श्रोत्याला प्रश्न विचारता येत असे. डीजेला प्रश्न विचारता येत नाही.

तिसरी गोष्ट सरकारी गौरवाची. आमच्याच जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय झाले, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची आहे. एखाद्या समाजाचे वाद्य एवढे मोठे व्हावे याचा मला आनंद आहे. पण इमारत वाजत नाही. तांड्यात होळीला लेंगी म्हणणारी मुलगी संगीताच्या परीक्षेला बसेल आणि तिला लेंगीवर प्रश्न येईल, तो दिवस मला अधिक मोलाचा वाटतो.

सहा

म्हणून विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, आपापल्या गावातल्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांचे बोल त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. जातीच्या नावाने नव्हे, माणसाच्या नावाने. खिशातल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रणही होते. सबब उरलेली नाही. दोन, त्यांना वाजवायला सांगण्याआधी वाजवायचे आहे का ते विचारा, आणि नाही म्हटले तर तेही लिहून घ्या. कधी सोडले, कोणत्या प्रसंगी सोडले, गावाने काय केले, हा सुद्धा संगीताचाच इतिहास आहे. तीन, संगीताच्या अभ्यासक्रमात आंबेडकरी जलसा आणि वाद्ये घडवणाऱ्यांचा इतिहास यावा अशी मागणी विद्यापीठांकडे करा.

बापाला मी हे सगळे वाचून दाखवले. त्याचा याला होकार नाही. तो म्हणतो, तू शिकला म्हणून तुला डफडे गोड लागते. माझ्या गळ्यात पट्ट्याचा वळ आहे. या उत्तराला माझ्याजवळ प्रत्युत्तर नाही, आणि ते असू नये असेच मला वाटते. मी त्याच्या घरात डफडे नेलेले नाही. आजाचे बोल आता मला अर्धेच आठवतात. उरलेले फक्त त्याला येतात. परवा संध्याकाळी मी आठवतील तेवढे तोंडाने म्हटले, तेव्हा एके ठिकाणी तो म्हणाला, "तेथं तसं नाही," आणि पुढे काही न बोलता उठून गेला. काय चुकले ते मी अजून विचारलेले नाही. सांगायचे की नाही, हे त्याने ठरवायचे आहे.